तुझ्या दासाला कळव

“हे प्रभू, तुझ्या दासाला कळव की मीठ संपलंय. आमेन,” आई म्हणाली, आणि दादांनी व मी आमेन म्हटलं.

मग दादांची पाळी. त्यांनी घसा खाकरला. “हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझी दासी शेवंता हिला स्मरण दे, की मागल्या बाजारी आणलेली मिठाची पुडी चुलीमागच्या कोनाड्यात आहे, आणि ती तिनेच तिथे ठेवलेली आहे. आमेन.”

“आमेन,” आई म्हणाली. डोळे उघडून ती उठली आणि कोनाड्यात हात घातला. पुडी तिथंच होती.

आमच्या घरात नवराबायकोचं बोलणं असं चालायचं. दादा म्हणजे माझे वडील, लाजरस आल्हाट. मी लहान असताना त्यांनी शास्त्रावर, म्हणजे बायबलावर, हात ठेवून शपथ घेतली होती, की यापुढे बायकोशी एक शब्द बोललो तर देव मला जाब विचारो. कारण फार मोठं नव्हतं. आम्ही दोर वळणारी माणसं. घायपाताची पानं ओढ्यात कुजत घालायची, ती वाहून जाऊ नयेत म्हणून वर दगड ठेवायचे, मग बडवून त्यांचे धागे काढायचे, तोच वाख. त्या दिवशी आई दगड ठेवायला विसरली आणि सगळी पानं पाण्याबरोबर गेली. दादा तिला काय काय बोलले ते मला आठवत नाही. आई उलटून बोलली तेवढं आठवतं. ती म्हणाली, “तुमचं तोंड म्हंजे गटार हाय.” त्यावर दादांनी शपथ घेतली.

दुसरा कोणी असता तर चार दिवसांत विसरून गेला असता. पण दादा मिशनच्या शाळेत शिकलेले, चर्चच्या मंडळीत उभं राहून शास्त्र वाचणारे. देवाच्या नावानं घेतलेली शपथ मोडली की काय होतं, याच्या गोष्टी त्यांना पाठ होत्या. आईनं शपथ घेतली नव्हती. पण जो आपल्याशी बोलत नाही त्याच्याशी आपण का बोलावं, असं म्हणून तिनंही तोंड बंद केलं.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेत दादांनी पाऊसपाणी, सरकार, आजारी लोक आणि पाळकसाहेब या सगळ्यांसाठी मागणं मागितलं, आणि शेवटी आवाज न बदलता म्हणाले, “आणि हे पित्या, उद्या मी नेवाशाला जाणार आहे, हे ज्यांना ठाऊक असणं जरूर आहे त्यांना ठाऊक होऊ दे.” आईनं आमेन म्हटलं. सकाळी दादांची भाकर फडक्यात बांधून तयार होती.

तेव्हापासून तेच सुरू झालं. संध्याकाळची प्रार्थना पुरेना, म्हणून सकाळची सुरू झाली. मग जेवणाआधीची, जेवणानंतरची आणि कामाच्या मध्येच करायची. दोर वळताना एका टोकाला आई लाकडी फिरकी फिरवायची आणि दादा वाख जोडत जोडत मागं सरकायचे. मध्येच पीळ अडकला की दादा मोठ्यानं “हे प्रभू!” म्हणायचे आणि आई थांबायची. सुटला की “उपकार तुझे!” म्हणायचे आणि आई पुन्हा फिरवायला लागायची. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला वाटायचं, काय धार्मिक घर आहे. डोळे मिटल्याशिवाय प्रार्थना होत नाही असं दादांचं मत होतं, आणि मागं सरकताना ते डोळे मिटत असल्यामुळं एकदा गुरांच्या हौदात बसले.

मंडळीत लोक हसायचे. बायका आईला विचारायच्या, “शेवंताबाई, आज देवाकडून काय निरोप?” आई म्हणायची, “तुमच्यासाठी काही नाही आला.” एकदा पाळकसाहेब स्वतः घरी आले. म्हणाले, रागाच्या भरात घेतलेली शपथ देव धरून बसत नाही, मी प्रार्थना करतो आणि तुम्हाला मोकळं करतो. दादा लगेच गुडघ्यावर बसले. आई साहेबांना म्हणाली, जरा बाहेर या. दोघं लिंबाखाली उभं राहून बोलले. मग साहेब आत न येताच सायकलवर बसून निघून गेले. दादा बराच वेळ गुडघ्यावर होते.

लोक हसले तरी चाललं असतं. पण मी लग्नाची झाले आणि दोन स्थळं त्याच कारणावरून परत गेली. पहिल्यांनी निरोप पाठवला की मुलगी सावळी आहे. दुसऱ्यांनी तसं न करता सरळ सांगितलं, जिथं आईबापच बोलत नाहीत तिथली पोरगी काय संसार करणार.

तिसरं स्थळ आलं ते उमापांचं. मुलगा सायमन, साखर कारखान्यात फिटर. हे स्थळ मला हवं होतं. तसं मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला हवं होतं. उन्हाळी सभेला मी पाण्याच्या रांजणाशी होते. शेकडो माणसं पाणी पिऊन गेली आणि पेला माझ्या हातात देऊन गेली. त्यानं पाणी प्यायलं, पेला विसळला, फळीवर पालथा घातला आणि मग गेला. असा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याचा गळा काही चांगला नव्हता, पण गाताना तो लाजत नव्हता.

उमाप मंडळी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे फार लांब प्रार्थना झाली.

“हे दयाळू पित्या,” दादा म्हणाले, “उद्या पाहुणे येतील. त्यांच्यासमोर तुझ्या दासाला आणि दासीला वारंवार डोळे मिटता येणार नाहीत. तेव्हा असं कर, की मला जे सांगायचं ते मी दीनाला सांगेन, आणि दीना तिच्या आईला सांगेल. पाहुण्यांना ते घरातलं साधं बोलणं वाटू दे. आमेन.”

“आमेन,” आई म्हणाली, आणि लगेच तिची सुरू झाली. “प्रभू, तुझ्या दासाची युक्ती ठीक हाय. पन त्याला सांग, सदरा धुतलेला घाल. आन पाहुण्यांनी विचारल्याबिगर शास्त्रातलं काही सांगू नगं. आमेन.”

“आमेन,” दादा जरा वेळानं म्हणाले.

“आन दीना,” आई डोळे उघडून मला म्हणाली, “तू रडू नगं. आतापासनं कशाला रडती?”

मी रडत नव्हते. पण दोन स्थळं गेली होती, आणि तिसरं गेलं तर चौथं कोण आणणार, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंडळी आली. पुढं सायमनची आई एस्तेरबाई, तिच्यामागं तिचा नवरा थोमाजी, त्याच्यामागं सायमन. एस्तेरबाई अंगानं भरलेली, कपाळ मोठं, केस चापून बांधलेले. बाजेवर बसताना तिनं बाजेची दोरी दाबून पाहिली.

“दोर कुणी वळला?” तिनं विचारलं.

“आम्ही दोघांनी,” दादा म्हणाले.

“चांगला हाय,” एस्तेरबाई म्हणाली, आणि मगच सगळं वजन टाकून बसली. थोमाजी तिच्याशेजारी बसला. तो काही बोलला नाही. येतानाही बोलला नव्हता. सायमन दाराशी पोत्यावर बसला आणि आपल्या चपलांकडं बघत राहिला.

मला समोर बोलावलं. नाव विचारलं, स्वैपाक विचारला. आमच्या लोकांत मुलगी बघताना तिला शास्त्रातला एखादा भाग वाचायला लावतात किंवा गीत म्हणायला सांगतात. एस्तेरबाईनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं शास्त्र काढलं, मध्येच कुठंतरी उघडलं आणि माझ्यापुढं धरलं.

“वाच.”

आमच्या घरी दादांना सोडून कुणाला वाचता येत नव्हतं. मी अक्षरं शिकले ती फार उशिरा, केस पिकल्यावर. तेव्हा मला त्या पानावर मुंग्या दिसत होत्या. पण दादा वाचायचे ते ऐकून माझे पुष्कळ भाग पाठ होते. पानावर बोट ठेवून एखादा म्हणून टाकावा, असं मनात येऊन गेलं. सायमन माझ्याकडं बघत होता.

“मला येत नाही,” मी म्हटलं.

“काहीच नाही?”

“अक्षरसुद्धा नाही.”

एस्तेरबाईनं शास्त्र मिटलं, फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. “मला बी येत नाही,” ती म्हणाली. “मागं एका पोरीनं असंच उघडून दिलेलं धडाधडा म्हणून दाखवलं. सायमन मागं उभा होता. म्हणाला, आई, तिनं पान उलटं धरलंय. खोटं बोलणारी मला नगं. बाकी सगळं शिकवता येतं.”

मला जरा बरं वाटलं. दादांनाही वाटलं असावं, कारण ते मोकळ्या आवाजात म्हणाले, “दीना, आईला म्हणावं, पाहुण्यांना पाणी दे.”

आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

“आई, पाहुण्यांना पाणी दे,” मी म्हटलं.

आईनं तांब्या पुढं केला. “दीना, दादांना म्हणावं, पाणी दिलं. चहा आत्ताच टाकू का थोडं थांबू?”

“दादा, पाणी दिलं. चहा आत्ताच टाकू का, असं—”

“दीना, आईला म्हणावं—”

“थांबा,” एस्तेरबाई म्हणाली.

आम्ही थांबलो.

“बाई तुमच्या मांडीला मांडी लावून बसलीय, लाजरसभाऊ. तिला ऐकू येतं ना?”

“येतं,” दादा म्हणाले.

“मग पोरीला मधी तारघर कशाला केलंय?”

दादांनी आईकडं बघितलं नाही. आईनं पदर सारखा केला.

“मी बाजारात ऐकलं होतं,” एस्तेरबाई म्हणाली, “की आल्हाट नवराबायको बोलत नाहीत. मी म्हटलं, लोकांचं काय, लोक माझ्याबद्दल काय कमी बोलतात? जाऊन बघू. खरं असंल तर ते सांगतील. पन तुम्ही तर नाटक बसवलंय.”

चुलीवर पाण्याला उकळी फुटली होती. कुणी उठलं नाही.

“खरं हाय,” दादा म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. ओढा, पानं, दगड, शपथ. स्वतःची बाजू सावरली नाही. फक्त स्वतः काय बोलले होते ते सांगितलं नाही. “रागाच्या भरात घेतली,” ते म्हणाले, “पन घेतली शास्त्रावर हात ठेवून. तेव्हापासनं आम्ही देवामार्फत बोलतो.”

“म्हंजे?”

“म्हंजे प्रार्थनेत.”

थोमाजीनं मान वर केली. सायमनच्या खांद्याला हसू फुटलं होतं, ते त्यानं खोकून दाबलं.

एस्तेरबाई हसली नाही. “लाजरसभाऊ,” ती म्हणाली, “तुम्ही शिकलेले. मी ऐकून ऐकून शिकलेली. शास्त्रात एका बापानं अशीच शपथ घेतली होती. शपथ पाळली आन लेक घालवली. ती गोष्ट ऐकली की मला त्या बापाचा लई राग येतो. तुमच्या लेकीची दोन स्थळं गेली ना?”

“गेली.”

“तिसरं बी घालवायचंय?”

दादांनी माझ्याकडं बघितलं.

“माझं सांगणं एकच,” एस्तेरबाई म्हणाली. “मी सून नेणार ती घरातनं नेणार, मठातनं नाही. इथं माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही दोघांनी समोरासमोर एक वाक्य बोलायचं. काय बी बोला. चहा टाक म्हणा. मग मी उद्या हळदीचं बोलते. नाही तर राम राम, आपलं सलाम, आन आम्ही निघालो.”

आमच्यात सलाम म्हणतात. ती एवढी चिडली होती की दोन्ही म्हणाली.

मी दादांकडं बघितलं. मला वाटलं ते म्हणतील, एस्तेरबाई, तुमचं खरं, पण देवाला दिलेला शब्द. मी त्यांना ओळखत होते. हौदात बसल्यावरही ते भिजल्या अंगानं आधी आमेन म्हणाले होते.

दादा उठून उभे राहिले. त्यांनी सदरा खाली ओढला.

“मोडतो,” ते म्हणाले. “माझ्या लेकीपरीस माझा हट्ट मोठा नाही. देव जाब विचारील तेव्हा बघू.”

ते आईकडं वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं समोरून आईच्या तोंडाकडं बघताना पाहिलं नव्हतं. बोलताना दोघांचे डोळे मिटलेले असायचे, आणि डोळे उघडे असले की बोलणं नसायचं. दादांचं तोंड उघडलं. आवाज मात्र निघेना. त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळत नसावं. ‘हे प्रभू’ सोडून दुसरी सुरुवात त्यांना राहिली नव्हती.

ते “शे” असं म्हणाले, किंवा म्हणणार होते.

“अवं,” आई म्हणाली. “बोलू नगा.”

ती त्यांच्याकडंच बघून बोलली. डोळे उघडे ठेवून.

दादांनी तोंड मिटलं.

“काय गं बाई!” एस्तेरबाई म्हणाली. “लेकीचं लगीन ठरतंय, माणूस शपथ मोडाय उभा राहिलाय, आन तू त्याला गप कर म्हणती?”

“व्हय,” आई म्हणाली. आता ती एस्तेरबाईकडं वळली होती. “बाई, तुम्ही खोटं नगं म्हणाला म्हणून सांगती. हा माणूस आधी बोलत होता. मला ठाऊक हाय तो बोलायचा तेव्हा कसा होता. लगीन झाल्यापासनं शिवीबिगर हाक माझ्या कानावर आली नव्हती. पाणी मागायचं तरी शिवी. भाकर वाढली तरी शिवी. मंडळीत उभा राहून गोड आवाजात शास्त्र वाचायचा, आन घरी आला की कडी लावायच्या आधी सुरू. माझं नाव शेवंता हाय, हे ह्याच्या तोंडून मी फक्त लग्नात पाळकानं वदवून घेतलं तेव्हा ऐकलं होतं.”

दादा उभेच होते. त्यांची मान खाली गेली होती.

“मग ह्यानं शपथ घेतली,” आई म्हणाली. “दुसऱ्या दिवशीच पस्तावला. माझ्यामागं मागं फिरत होता. मी एक शब्द बोलले असते तर लगेच मोडली असती. मी नाही बोलले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत बोलला. आन बाई, देवापुढं बोलताना ह्याला शिवी देता येईना. आवाज चढवता येईना. पुढं तर माझं नाव बी घ्यावं लागलं, नाही तर देवाला कळावं कसं कुणाबद्दल बोलतोय? तुझी दासी शेवंता, म्हणाला. मी डोळे मिटून ऐकलं. म्हटलं, शेवंता, हे हातचं जाऊ द्यायचं नाही.”

“आन पाळकसाहेब आले होते ते?” मी मध्येच विचारलं.

“त्यांना हेच सांगितलं,” आई म्हणाली. “म्हटलं, साहेब, तुम्ही ह्याला मोकळं कराल, पन मग मी कुठं जाऊ?”

चुलीवरचं पाणी आटून भांडं करपल्याचा वास यायला लागला. मी उठले नाही.

“आता हा सुधारला असंल,” आई म्हणाली. “मी नाही म्हणत नाही. बोलला तर बरं बी बोलंल. पन मला बघायचं नाही. मला मिळालंय ते पुरे हाय. पोरीचं लगीन मोडत असंल तर मोडू द्या. ती बी अशा घरात जावी, जिथं तिला नावानं हाक मारतील. नाही तर इथं दोर वळील.”

एस्तेरबाईनं माझ्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. मग पदरानं कपाळ पुसलं.

“आमच्या घरात बोलणं लई हाय,” थोमाजी म्हणाला. त्याचं हे त्या दिवशीचं पहिलं वाक्य. “सगळं ही बोलती.”

“तुम्ही गप बसा,” एस्तेरबाई म्हणाली.

“बसलोच हाय.”

“मी काय म्हटलं होतं?” एस्तेरबाई आईला म्हणाली. “समोरासमोर एक वाक्य बोला म्हटलं होतं. काय बी बोला म्हटलं होतं. तू बोललीस ना?”

“काय बोलले?”

“अवं, बोलू नगा, असं बोललीस. नवऱ्याकडं बघून. माझ्या डोळ्यांदेखत. वाक्य झालं की ते.” तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. “आता चहा टाका. पहिलं भांडं तर जळलं. आन लाजरसभाऊ, बसा खाली, कवाचं उभं राहिलात.”

दादा खाली बसले.

“माझी एक अट हाय,” एस्तेरबाई म्हणाली. “लग्नात तुम्ही दोघं प्रार्थना करायची. पन थोडक्यात. वऱ्हाडाला भूक लागलेली असती.”

सायमन अजून चपलांकडंच बघत होता. त्यानं न बघताच विचारलं, “दीना, तुमच्याकडं भांडं घासायला राख असती का माती?”

“राख,” मी म्हटलं.

तो उठला, जळलेलं भांडं फडक्यानं धरून बाहेर गेला आणि घासायला बसला. एस्तेरबाई त्याच्याकडं बघून म्हणाली, “हे मी शिकवलंय.”

आमचं लग्न त्याच वर्षी झालं. सायमन देवाघरी जाईपर्यंत आमच्यात बोलणं भरपूर झालं, त्यात भांडणंही आली. पण त्यानं मला नावाखेरीज दुसऱ्या कशानं हाक मारली नाही. आई आणि दादा त्यानंतर पुष्कळ जगले. दादांनी शपथ मोडली नाही. त्यांच्या संसाराला पन्नास वर्षं झाली तेव्हा मंडळीनं उपकारस्तुतीची सभा घेतली. शेवटी शेवटी दादांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा आईला देवाशी ओरडून बोलावं लागायचं. माझ्या धाकट्या मुलाची बरेच दिवस समजूत होती की देव बहिरा आहे. मी ती मोडली नाही, कारण खरं काय ते सांगायला बसले असते तर हे सगळं सांगावं लागलं असतं. आता सांगते आहे. त्या दोघांमध्ये तो तिसरा, देव, नसता, तर मी कुठल्या घरात वाढले असते, हे मला ठाऊक आहे. त्याचे उपकार मी रोज मानते.

पण त्या दिवशीचं थोडं राहिलं.

पाहुणे गेले. दादा दाराशी उभं राहून ती मंडळी वळणापर्यंत जाताना बघत राहिले. मग आत येऊन कोपऱ्यात बसले. आईशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले नाहीत, देवाशीही बोलले नाहीत. आईनं पीठ मळलं. मी भाकरी थापल्या. दिवेलागण झाली तशी आम्ही तिघं नेहमीसारखी बसलो आणि डोळे मिटले.

“हे दयाळू स्वर्गीय पित्या,” दादा म्हणाले. “आजच्या दिवसाबद्दल तुझे उपकार. तुझ्या दासीची कन्या दीना हिचं लग्न ठरलं, त्याबद्दल तुझे उपकार. पाहुणे बरे आहेत, त्याबद्दल उपकार. तुझ्या दासीनं आज जे सांगितलं ते सर्व—” इथं ते थांबले. पुस्तकी बोलण्यात दादा कधी अडखळायचे नाहीत. “ते सर्व खरं आहे. तुझा दास तसाच होता. तुझ्या दासीनं ते इतकी वर्षं मनात ठेवलं, आणि लेकीलासुद्धा सांगितलं नाही, त्याबद्दल—”

चुलीत लाकूड सरकल्याचा आवाज झाला.

“देवा,” दादा म्हणाले. आता तो मंडळीतला आवाज नव्हता. “ती मला अवं म्हणाली.”

मग ते रडायला लागले. तोंडावर काही धरलं नसावं, कारण सगळं ऐकू येत होतं.

आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा आमच्या घरचा नियम. आधी ज्याची प्रार्थना सुरू असेल त्यानं आमेन म्हणायचं, मगच दुसऱ्यांनी. दादा म्हणेनात. मी डोळे मिटून बसले. माझ्या उजव्या हाताला आईच्या बांगड्या वाजल्या आणि दादांच्या बाजूला जाऊन थांबल्या. भाकरी निवत होत्या. थोड्या वेळानं शेजारची कोंडाबाई विस्तव मागायला दारात आली. ती आमच्या मंडळीतली नव्हती, देवीला जाणारी होती. तिनं “शेवंते” म्हणून हाक मारली आणि पुढं काही बोलली नाही. मग तिचं विस्तवाचं खापर खाली ठेवल्याचा आवाज आला, लुगडं सावरल्याचा आवाज आला, आणि तीही उंबऱ्याजवळ बसली.